कारखान्याचा खर्च आणि वहीबाहेरचा खर्च

बोईसरलगतच्या बेटेगाव परिसरातील एखाद्या लहान कारखानदारास एक टन मालाला किती खर्च येतो असे विचारले, तर तो बहुधा एकूण खर्चाला एकूण उत्पादनाने भागून उत्तर देतो. भागाकार बरोबर असतो. त्यावरून घेतलेला निर्णय मात्र पुष्कळदा चुकतो.

समजा, एका महिन्यात २० टन माल निघाला व खर्च ११ लाख रुपये आला. दुसऱ्या महिन्यात ४० टन निघाला व खर्च १९ लाख झाला. सरासरी खर्च अनुक्रमे टनामागे ५५ हजार आणि साडेसत्तेचाळीस हजार. अशा वेळी कोणी व्यापारी १० टन जादा माल ४५ हजारांच्या भावाने मागू लागला, तर सरासरीवर विसंबणारा मालक त्याला परत पाठवील. वास्तविक जादा २० टनांसाठी ८ लाख, म्हणजे टनाला ४० हजारच लागले आहेत. उरलेले ३ लाख हे गाळ्याचे भाडे, कर्जाचे व्याज, पहारेकऱ्याचा पगार असे, यंत्रे थांबली तरी न थांबणारे खर्च होत.

दोन बिंदूंतून रेषा कोणीही काढील. प्रत्यक्षात तीन वर्षांचे छत्तीस महिने मांडले की छत्तीस बिंदू विखुरलेले दिसतात. त्यांच्यापासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज जिच्याबाबत सर्वांत लहान ठरेल, ती रेषा निवडावयाची. ही लघुतम वर्ग पद्धती फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. रेषीय समाश्रयण म्हणतात ते हेच. कारखान्याच्या खर्चाला ते लावण्याचे काम जोएल डीन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात नेटाने केले. फर्निचर, चामडी पट्टे, मोजे यांच्या कारखान्यांचे हिशेब तपासता त्याला सीमान्त खर्च जवळजवळ स्थिर आढळला. क्रमिक पुस्तकांतील इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वक्ररेषा काही दिसेना! अर्थात, क्षमतेच्या टोकापर्यंत क्वचितच चाललेल्या कारखान्यात ती दिसावी तरी कशी, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो, आणि तो गैरवाजवी नाही.

रेषा फसवते ती मात्र अधिक साध्या कारणांनी. बॉयलरची दुरुस्ती मागणी मंद असलेल्या महिन्यात काढली जाते. त्यामुळे कमी उत्पादनाच्या महिन्यांवर खर्चाचा बोजा पडतो, रेषेचा चढ कमी होतो आणि मालाचा सीमान्त खर्च आहे त्याहून स्वस्त भासतो. महागाईने चढलेले भाव न वजावता तीन वर्षांचे आकडे एकत्र केले, तर भाववाढच उत्पादनवाढीच्या नावावर जमा होते.

हा प्रश्न केवळ मालकाचा नाही. औद्योगिक खर्च व किंमतींचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने १९७० मध्ये स्वतंत्र ब्यूरो स्थापिला होता. औषधांच्या कमाल किमती दीर्घकाळ उत्पादन-खर्चावरून ठरत, २०१३ च्या आदेशाने त्या बाजारभावाच्या सरासरीवरून ठरू लागल्या. तारापूर वसाहतीत औषधे व रसायने बनविणारे कारखाने पुष्कळ आहेत.

आणि नेमका येथेच वहीतला सर्वांत मोठा रकाना कोरा राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनिशी देशात पहिले आले. वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते. त्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घ्यावी लागली. सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा खर्च उत्पादनाबरोबर वाढतो, म्हणजे तो रेषेच्या चढातच यावयास हवा. वरच्या उदाहरणात तो टनाला ६ हजार धरला, तर सीमान्त खर्च ४६ हजार होतो आणि ४५ हजारांची ती मागणी तोट्याची ठरते. पाणी तसेच सोडले की वहीत ४० हजारच दिसतात, मागणी स्वीकारली जाते, आणि राहिलेले ६० हजार रुपये किनाऱ्यावरचे कोळी रिकाम्या जाळ्यांनी फेडतात.