अध्यक्ष कोण, हा निम्माच प्रश्न

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दर चार वर्षांनी माझा भाव वधारतो. एरवी निवृत्त प्राध्यापकाला पाण्याच्या टँकरच्या हिशेबापलीकडे कुणी काही विचारत नाही. पण अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, मला गाठून प्रश्न सुरू होतात. जन्मभर राज्यशास्त्र शिकवलं, म्हणजे सरांना निकाल ठाऊक असणारच! २०१६ मध्ये मी छातीठोकपणे हिलरी क्लिंटन यांचं नाव सांगितलं होतं. त्यानंतर काही दिवस मी भाजी आणायला पलीकडच्या गल्लीत जात होतो.

२०२४ च्या ऑक्टोबरात मात्र खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी वेगळाच प्रश्न केला. "सर, कोण निवडून येणार ते राहू द्या. कोण आलं तर आमची नात तिथे राहू शकेल, तेवढं सांगा."

त्यांचा मुलगा २०११ मध्ये हिंजवडीतली नोकरी सोडून न्यू जर्सीला गेला, एच-१बी व्हिसावर. नात तेव्हा तीन वर्षांची होती. २०१५ मध्ये त्याचा ग्रीन कार्डचा अर्ज दाखल झाला. नात आई-वडिलांच्या आधाराने तिथे राहते, पण एकविसाव्या वर्षी हा आधार कायद्याने संपतो. त्याआधी ग्रीन कार्ड हाती आलं नाही, तर जो देश तिला आपला वाटतो, तिथे तिला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागणार किंवा परत यावं लागणार. वहिनी दर महिन्याला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं व्हिसा बुलेटिन मुलाकडून समजून घेतात. त्या महिन्यात नोकरीच्या मुख्य वर्गांत भारतीयांचे २०१२ सालचे अर्ज विचारात घेतले जात होते.

हा प्रश्न ऐकल्यावर मला आमच्या भाष्यकारीची थोडी लाज वाटली. त्या सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं, आठवून पाहा. कमला हॅरिस यांच्या आजोबांच्या तमिळनाडूतल्या गावी पूजा. उषा व्हान्स यांचं माहेर कुठलं. ट्रम्प यांची मोदींशी दोस्ती किती पक्की. म्हणजे लग्नाच्या बोलणीत मुलाचा स्वभाव सगळ्यांनी पाहायचा आणि घर कुणाच्या नावावर आहे ते कुणीच विचारायचं नाही, त्यातली गत.

खरं तर पुण्याला अमेरिकेचं राजकारण निरखण्याची सवय जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण करून. फुले स्वतः तिकडे कधी गेले नव्हते. पंडिता रमाबाई गेल्या. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला त्या हजर होत्या आणि नंतर १८८८ पर्यंत देशभर हिंडल्या. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मराठीत अमेरिकेच्या लोकस्थितीवर पुस्तक लिहिलं. त्यात घरसंसार, शिक्षण, बायकांची स्थिती, व्यापार हे सगळं आहेच. पण त्या देशाचा कारभार चालतो कसा, यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि तेही पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागात. कौतुक पुष्कळ आहे, पण तिथल्या मूळ रहिवाशांवर झालेला अन्यायही त्यांनी झाकून ठेवलेला नाही. तज्ज्ञ असावा तर असा.

आणि १८८८ ची निवडणूक कोणती? ग्रोव्हर क्लीव्हलंड विरुद्ध बेंजामिन हॅरिसन. वादाचा मोठा मुद्दा होता आयात शुल्क. (तोच वाद ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के शुल्क होऊन आपल्या दारात आला.) देशभरात मतं जास्त मिळाली क्लीव्हलंडना, अध्यक्ष झाले हॅरिसन. कारण तिथे राज्यवार मोजणी होते. आज एकूण ५३८ निर्वाचक आहेत, जिंकायला २७० लागतात, आणि बहुतेक राज्यांत जो पुढे त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक मिळतात. २०१६ मध्ये माझी फजिती झाली ती इथेच. हिलरींना देशात सुमारे २८ लाख मतं जास्त होती, पण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून सुमारे ७८ हजार मतांनी गेली. मी देशाची लोकप्रियता मोजत बसलो होतो.

वहिनींचा प्रश्न मात्र याच्याही पलीकडचा होता. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं मिळतात, त्यात कुटुंबातली माणसंही धरतात. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही. आइसलँडलाही सात आणि भारतालाही सात! हे आकडे १९९० च्या कायद्यातले आहेत. कायदा काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. अध्यक्ष कुणीही असो, सही करून तो सातचे आठ करू शकत नाही.

मग अध्यक्षाच्या हातात काहीच नाही का? आहे. १९५२ च्या एका कायद्याने परदेशी माणसांचा प्रवेश थांबवण्याचा मोठा अधिकार त्याला दिलेला आहे. जून २०२० मध्ये ट्रम्प यांनी तो वापरून नवे एच-१बी व्हिसा वर्षअखेरपर्यंत रोखले. नियम बदलून थोडी सवलतही देता येते. ओबामांच्या काळात २०१५ मध्ये ग्रीन कार्डच्या रांगेतल्यांच्या जोडीदारांना नोकरीची परवानगी मिळाली ती तशी. पण एकंदरीत अध्यक्षाला दार लोटून घेता येतं, चौकट रुंद करता येत नाही.

चौकट रुंद करण्याचा प्रयत्न झालाही होता, आणि त्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही याचं मला अजून नवल वाटतं. जुलै २०१९ मध्ये ही सात टक्क्यांची अट नोकरीच्या वर्गांतून काढण्याचं विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. दोन्ही पक्षांचे लोक बाजूने होते. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही तशाच हेतूचं पण वेगळ्या मसुद्याचं विधेयक संमत केलं. दोघांचा मेळ बसण्याआधी त्या काँग्रेसची मुदत संपली, आणि दोन्ही कागद बाद झाले. वहिनींच्या नातीचा प्रश्न बहुधा त्या महिन्यात सुटण्याच्या सर्वांत जवळ आला होता. आपण त्या वेळी बायडन आणि ट्रम्प यांच्या मतमोजणीची भांडणं पाहत होतो.

मी वहिनींना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे कुणीही आलं तरी सारखंच?" सारखं नाही, म्हटलं, एक जण रांग लांबवणार नाही, दुसरा कदाचित रांगेतल्यांना घाबरवेल.

१९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी एच-१बीच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर शुल्काच्या आदेशावर सही केली. जून २०२४ मध्ये प्रचारात हेच गृहस्थ तिथल्या महाविद्यालयांतून शिकून निघणाऱ्या परदेशी मुलांना ग्रीन कार्ड द्यावं म्हणत होते. आपल्याकडे शनिवारी सकाळी साडेसहालाच दाराची बेल वाजली. वहिनी रात्रभर झोपल्या नव्हत्या. मुलगा दिवाळीला येणार होता, तिकीट काढलेलं होतं, आणि त्याच्या कंपनीने कुणीही देशाबाहेर जाऊ नये असं कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की शुल्क नव्या अर्जांना आहे, आधीच व्हिसा असलेल्यांना नाही. मुलाने तरी तिकीट रद्दच केलं. चकल्या कुरिअरने गेल्या.

परवा वहिनी पुन्हा जिन्यात भेटल्या. कोण निवडून येणार हे त्यांनी विचारलं नाही. "सर," म्हणाल्या, "न्यू जर्सीतून प्रतिनिधिगृहात किती जण जातात हो?" मी सांगितलं, बारा. त्यांनी चष्मा चढवला आणि पिशवीतल्या वहीत लिहून घेतलं.