रोजचं पान

सकाळची प्रार्थना संपली की सिनॅगॉगमधली माणसं कामाधंद्याला पांगतात. पण न्यू यॉर्क, लंडन, अँटवर्प, जेरुसलेम अशा शहरांतल्या कित्येक सिनॅगॉगमध्ये काही जण मागे थांबतात. कॉफीचे पेले येतात, लांबट टेबलावर जाडजूड ग्रंथ उघडले जातात आणि पाऊण-एक तास ताल्मूद या ज्यू धर्मग्रंथाच्या एका पानाचा वर्ग चालतो. शिकणारी सगळी संसारी माणसं: कुणी हिशेबनीस, कुणी दातांचा डॉक्टर, कुणी निवृत्त झालेला. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. विशेष हे, की त्या दिवशी जगभरच्या अशा प्रत्येक वर्गात तेच पान उघडलेलं असतं. या प्रथेला दाफ योमी म्हणतात, म्हणजे रोजचं पान. पान मोजायचं ते दोन्ही बाजूंसकट. अशी २,७११ पानं आहेत. सुट्टी न घेता रोज एक वाचलं, तर सगळा ताल्मूद संपायला सात वर्षं पाच महिने लागतात.

कल्पना रब्बी मेइर शापिरो यांची. ते तेव्हा छत्तीस वर्षांचे होते आणि पोलंडच्या संसदेत सभासद होते. ऑगस्ट १९२३ मध्ये अगुदात इस्राएल या सनातनी ज्यूंच्या संघटनेचं पहिलं जागतिक अधिवेशन व्हिएन्नात भरलं, तिथे त्यांनी ती मांडली. पहिल्या महायुद्धाने पूर्व युरोपातल्या ज्यू वस्त्या विस्कटल्या होत्या, माणसं देशोधडीला लागली होती. शापिरोंनी सभेपुढे एक प्रवासी उभा केला: बगलेत ताल्मूदचा खंड घेऊन तो जहाजावर चढतो, वाटेत रोजचं पान वाचतो, अमेरिकेत उतरून अनोळखी सिनॅगॉगमध्ये शिरतो, तर तिथली मंडळी नेमकी त्याच पानावर. ११ सप्टेंबर १९२३ ला, ज्यू नववर्षाच्या दिवशी, पहिलं पान वाचलं गेलं.

‘तेच पान’ म्हणता येतं याचं श्रेय मात्र एका ख्रिस्ती मुद्रकाकडे जातं. डॅनिएल बॉम्बर्गने १५२० ते १५२३ या काळात व्हेनिसला संपूर्ण ताल्मूद छापला आणि त्याने पाडलेली पानं पुढच्यांनी जवळपास तशीच ठेवली. आज घराघरांत दिसते ती मांडणी विल्नाच्या रोम कुटुंबाच्या छापखान्याची, १८८० च्या दशकातली. मधल्या चौकटीत मूळ मजकूर: इसवी सन २०० च्या सुमाराची मिश्ना, म्हणजे नियम, आणि त्यावर पुढच्या तीनेकशे वर्षांत बाबिलोनियात झालेला काथ्याकूट, म्हणजे गमारा. बांधणीकडच्या समासात अकराव्या शतकातल्या फ्रान्सच्या रब्बी राशींची टीका. बाहेरच्या समासात राशींच्या नातवांनी आणि त्यांच्या परंपरेतल्या पंडितांनी आजोबांनाच काढलेल्या शंका. मजकुराला विरामचिन्हं नाहीत. प्रश्न कुठे संपला आणि उत्तर कुठे सुरू झालं, हे वाचणाऱ्याने ओळखायचं. भाषा अरामी आणि हिब्रू यांची सरमिसळ. म्हणूनच हे पान एकट्याने उघडणं अवघड जातं, आणि म्हणूनच टेबलाभोवती माणसं लागतात.

आत प्रवचन नसतं, वाद असतो. ग्रंथ सुरू होतो तोच एका प्रश्नाने: संध्याकाळची ‘शमा’ ही प्रार्थना केव्हापासून म्हणावी? मग, केव्हापर्यंत? एक म्हणतो पहिला प्रहर संपेपर्यंत, बाकीचे म्हणतात मध्यरात्रीपर्यंत, रब्बान गमलिएल म्हणतात पहाट फुटेपर्यंत. त्यांचीच मुलं मेजवानीहून रात्री उशिरा घरी येतात, प्रार्थना राहून गेली म्हणून सांगतात. बाप म्हणतो, अजून उजाडलं नाही ना, मग म्हणा. दुसरा एक खंड दोन माणसं एकच वस्त्र धरून भांडताना दाखवत उघडतो. दोघेही म्हणतात, सगळं माझं. निकाल असा: प्रत्येकाने, यातलं माझं निम्म्याहून कमी नाही, अशी शपथ घ्यायची आणि मग वाटून घ्यायचं. हरलेलं मतही पानावरून खोडत नाहीत. काही वाद तर अनिर्णित म्हणून तसेच सोडून दिलेले आहेत. मला या ग्रंथातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

वेळापत्रक मात्र निर्दय आहे. तिशा बेआव या शोकाच्या दिवशी ताल्मूदचा एरवीचा अभ्यास वर्ज्य असतो, तरी त्या दिवसाचं पान यादीत असतंच. लोक ते आदल्या दिवशी किंवा उपास सुटल्यावर उरकतात. आजारपण, लग्नकार्य, परगाव, काहीही असो, गाडी पुढे जाते. येशिवांमधले, म्हणजे ज्यू धर्मपाठशाळांमधले, विद्वान यावर नाक मुरडतात. तिथे एकेका पानावर आठवडे घालवतात. पाऊण तासात काय कळणार? आक्षेप खरा आहे. पण कामाच्या रगाड्यात ‘सवडीने वाचू’ म्हणणारा माणूस कधीच वाचत नाही, हे शापिरोंनी ओळखलं होतं. त्याला सवलत नको असते. तारीख हवी असते आणि शेजारी वाट पाहणारं कुणीतरी.

शापिरो १९३३ मध्ये वारले, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी. पुढच्या बारा वर्षांत त्यांच्या पोलंडमधली बहुतेक टेबलं माणसांसकट नाहीशी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांत उरलेल्यांना शिकायचं होतं; ताल्मूदचा पूर्ण संच मिळेना. न्यू यॉर्कहून संच आणवले आणि अमेरिकी लष्कराच्या मदतीने हायडेलबर्गमध्ये नवी आवृत्ती छापली गेली. तिच्या पहिल्या पानावर खाली काटेरी तारांची छावणी आहे आणि वर पवित्र भूमीतली ताडाची झाडं.

पुढे भाषांतरांनी दार उघडलं. अदिन श्टाइनझाल्त्स यांनी १९६५ मध्ये सुरू केलेली आधुनिक हिब्रू आवृत्ती २०१० मध्ये पुरी झाली. आर्टस्क्रोलचे इंग्रजी ७३ खंड १९९० ते २००५ या काळात निघाले. न्यू यॉर्कच्या फार रॉकअवे वस्तीतून मॅनहॅटनला जाणाऱ्या लोकलच्या शेवटच्या डब्यात १९९१ पासून हा वर्ग भरू लागला. मुंबईच्या लोकलमधलं भजनी मंडळ ज्याने ऐकलंय त्याला याचं नवल वाटणार नाही.

ताल्मूदची एक फेरी संपते तेव्हाच्या समारंभाला सियूम म्हणतात. १ जानेवारी २०२० ला न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये कडाक्याच्या थंडीत नव्वद हजारांच्या आसपास लोक जमले. त्याच आठवड्यात जेरुसलेमला तीनेक हजार स्त्रियांनी आपला स्वतंत्र सियूम केला. पिढ्यान्‌पिढ्या हे टेबल पुरुषांचंच होतं. माझ्या मते शंभर वर्षांतला सर्वांत मोठा बदल हाच.

सध्या चौदावी फेरी चालू आहे. ती ७ जून २०२७ ला संपेल. पंधरावीचं पहिलं पान दुसऱ्याच दिवशी. मंगळवार आहे, कामाचा दिवस.