कोपऱ्यावरच्या दुकानातली ट्यूब

गेल्या वर्षी मे महिन्यात घरात लग्न होतं आणि आमची सोळा वर्षांची नात खोलीचं दार लावून बसली होती. कारण चेहऱ्यावरचे मुरूम. "वयाचा गुण आहे, जातील आपोआप," असं तिची आजी म्हणाली. मी पडलो जुना बँकवाला. प्रकरण प्रलंबित ठेवणं जमत नाही. शेजारच्या मुलीला गुण आला म्हणे, म्हणून तीच ट्यूब दुकानातून घेऊन आलो.

आठवड्यात चेहरा असा उजळला की लग्नात मीच मिरवून घेतलं. दोन महिन्यांनी ट्यूब संपली आणि चार दिवसांत गाल लालबुंद, नुसती आग, मुरूम पूर्वीच्या दुप्पट.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी रिकामी ट्यूब हातात घेतली आणि म्हणाल्या, "आजोबा, यात स्टिरॉइड आहे." स्टिरॉइडने सूज दबते, रंग उजळल्यासारखा वाटतो, पण कातडी पातळ होते आणि मलम थांबवलं की सारं उसळून वर येतं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ साली नियम कडक केले. मला कुणी चिठ्ठी विचारली नाही, हे खरं. पण कर्जाच्या कागदांवरचं बारीक अक्षर जन्मभर वाचणाऱ्या मी ट्यूबवरचं अक्षर वाचलं नाही, त्याचं काय?

मग बाईंनी नातीला समजावलं. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात. मृत पेशींनी रंध्राचं तोंड बुजतं, आत जंतू वाढतात, सूज येते. वर दिसणारा काळा ठिपका म्हणजे मळ नव्हे. त्यामुळे दिवसातून सहा वेळा साबण घासून काही साधत नाही, उलट त्वचा चिडते. सौम्य साबणाने दोनदा धुवावं, पुरे. (सुश्रुतसंहितेत याला 'मुखदूषिका' म्हटलंय आणि उपमा दिलीय सावरीच्या काट्याची. दुखणं जुनंच!)

आधी चेहरा शांत करण्यातच काही महिने गेले. नंतर बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि रात्री अ‍ॅडापलीन सुरू झालं. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, असं बाईंनी बजावलं होतं. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या की गोळ्या गुणकारी आहेत, पण गरोदरपणात घेतल्या तर गर्भात व्यंग येऊ शकतं, म्हणून त्या देखरेखीशिवाय द्यायच्या नसतात.

आमच्या वेळी दुधात उगाळलेलं जायफळ हा एकच उपाय. तो सोसेना म्हणून मी नखांनी फोडायचो. नोकरीला लागलो तेव्हा कॅश काउंटरवर मान खाली घालून नोटा मोजायचो. सगळ्यांना वाटे, पोरगा कामात फार चोख आहे.

परवा नातीने माझ्या गालावरच्या खड्ड्यांवरून बोट फिरवलं.

"आजोबा, दुखायचं का हो?"

"दुखायचं."

"मग मला ती ट्यूब का आणून दिलीत?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. औषधाची वेळ झाली होती. ती उठून आरशापाशी गेली. दार उघडंच होतं.