विमानाच्या दारात छाती का धडधडते? (आणि दुकानाच्या पायरीवरही)

परवाच्या बॅचमध्ये एक ताई म्हणाल्या, "सर, चकलीची सॅम्पल पाकिटं घेऊन तीनदा दुकानाच्या पायरीपर्यंत गेले आणि परत आले. छातीत इतकं धडधडतं की वाटतं, धंदा हा आपला पिंडच नाही." व्हिडिओत मी यावर दोनच मिनिटं बोललो. ते अपुरं वाटलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. उदाहरण घेऊ स्कायडायव्हिंगचं, कारण या धडधडीचा शास्त्रज्ञांनी तिथे खरोखर अभ्यास केलाय.

पहिल्यांदा उडी मारणारा माणूस सहसा इन्स्ट्रक्टरला बांधलेला असतो. उंची साधारण १० ते १३ हजार फूट. दार उघडतं, वारा आत घुसतो आणि मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची घंटा वाजवतो. निरोप मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींपर्यंत पोहोचतो आणि रक्तात ॲड्रेनलिन उतरतं. हृदय जोरात पळतं, श्वास वाढतो, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, हातापायांच्या मोठ्या स्नायूंना जास्त रक्त मिळतं. पचनाचं काम मागे पडतं, म्हणून तोंडाला कोरड आणि पोटात गोळा. म्हणजे बघा, ज्याला आपण "घाबरलो" म्हणतो ती शरीराची कामाची तयारी असते. कॉर्टिसॉल हे दुसरं रसायन जरा सावकाश येतं. ते चढायला काही मिनिटं लागतात, त्यामुळे माणूस जमिनीवर उतरला तरी ते अंगात असतंच.

आता गंमत ऐका. जत्रेतल्या पाळण्यात खाली येताना पोटात जसा खड्डा पडतो, तसा इथे बहुतेकांना जाणवत नाही! विमान आधीच वेगात पुढे जात असतं, त्यामुळे उडी मारणारा एकदम खाली पडत नाही, हळूहळू खाली वळतो. दहा-बारा सेकंदांत वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जातो आणि तिथेच थांबतो, कारण हवेचा विरोध वजनाच्या बरोबरीला येतो. आपल्या आतल्या कानाला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. बदल थांबला की हवेच्या गादीवर पालथं पडल्यासारखं वाटतं. हे सगळं मिनिटभराचं, मग पॅराशूट उघडतं.

भीतीत वेळ लांबल्यासारखा वाटतो, तेही तपासलं गेलंय. डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी माणसांना ३१ मीटरवरून जाळ्यात पडू दिलं आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा स्वतःचं पडणं लोकांना सरासरी ३६ टक्के लांब वाटलं. पण त्या क्षणी डोळ्यांना जास्त वेगाने काही दिसत नव्हतं. म्हणजे वेळ ताणली गेली ती आठवणीत. ग्राहकाने "नको" म्हटल्यानंतरचे चार सेकंद चार मिनिटांसारखे का आठवतात, ते आता लक्षात आलं ना?

पण माझ्या मते सगळ्यात कामाचा अभ्यास आहे वॉल्टर फेन्झ आणि सेमूर एपस्टाइन यांचा, १९६७ चा. विमान वर चढत असताना त्यांनी नवशिक्या आणि अनुभवी उडीबाजांच्या हृदयाचे ठोके, श्वास, त्वचेवरचा घाम मोजला. नवशिक्यांचा आलेख उडीपर्यंत चढतच गेला. अनुभवींचाही चढला! फक्त तो आधी चढला आणि उडी जवळ आली तसा खाली यायला लागला. त्यांची भीती गेली नव्हती, तिची वेळ बदलली होती. २०१३ च्या आणखी एका अभ्यासात अनुभवी लोकांनी चिंता कमी वाटते असं सांगितलं, पण त्यांचं कॉर्टिसॉल नवशिक्यांसारखंच वाढलं होतं.

म्हणून "धडधड थांबली की सुरू करेन" म्हणणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो, ती कदाचित कधीच थांबणार नाही. आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांची आयुष्यातली पहिली पॅराशूट उडी २००४ मध्ये थेट उत्तर ध्रुवावर होती, आणि २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली.

एक सावधगिरी मात्र. उतरल्यावर माणूस हवेतच असतो, सगळं जग जिंकल्यासारखं वाटतं. पहिली मोठी ऑर्डर मिळाल्यावर अगदी हेच होतं आणि त्याच नशेत लोक गाळा भाड्याने घेतात, मशीनचा ॲडव्हान्स देतात. त्या दिवशी कशावरही सही करू नका. आणि स्कायडायव्हरच्या पाठीवर दुसरं, राखीव पॅराशूट असतं हे विसरू नका. तुमच्याकडे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का? नसेल तर नोकरी सोडण्याची घाई कशाला? चकली रविवारीही विकता येते.

ताईंना मी दोन गोष्टी सांगितल्या. पायरीवर उभं राहून चार-पाच वेळा श्वास सावकाश बाहेर सोडायचा, कारण श्वास सोडताना हृदयाची गती उतरते. आणि पहिलं वाक्य घरूनच पाठ करून जायचं: "दादा, घरची भाजणीची चकली आहे, एक चाखून बघा." गुरुवारी त्या चौथ्यांदा जाणार आहेत. काय झालं ते पुढच्या व्हिडिओत सांगतो.