सेडान कुठे बनली, यापेक्षा व्हेरियंट कोणता?

नावडे नोडमधील एखाद्या कुटुंबात मध्यम आकाराची सेडान घेण्याचा विचार सुरू झाला, की चर्चा हमखास एका मुद्द्यावर येऊन थांबते. परदेशात जाते ती गाडी वेगळी आणि आपल्या वाट्याला येते ती वेगळी, असे कुणीतरी ठामपणे सांगतो. ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ या शब्दाचा आपल्याकडील दबदबा जुना आहे. या समजात तथ्य आहे. मात्र ते जेथे शोधले जाते तेथे नाही.

नावड्यापासून द्रुतगती मार्गाने शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. तेथे तयार झालेल्या ‘पोलो’च्या टक्कर-चाचणीचा निकाल ‘ग्लोबल एनकॅप’ने जानेवारी २०१४ मध्ये जाहीर केला. गाडीचा सांगाडा टिकून राहिला, तरीही प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. कारण साधे होते. तपासलेल्या मूळ व्हेरियंटमध्ये एअरबॅगच नव्हती. दोन एअरबॅग असलेल्या त्याच पोलोला चार तारे मिळाले आणि कंपनीने बिनाएअरबॅगचा व्हेरियंट मागे घेतला. दोष पत्र्यात नव्हता, की चाकणच्या कामगारांच्या हातात. युरोपातील ग्राहकाला जी वस्तू न मागता मिळत होती, तिचे येथे जादा पैसे पडत होते, इतकेच.

सेडानचेही असेच आहे. ‘व्हर्टस’ हे नाव ब्राझीलमध्ये आधीपासून होते. चाकणची व्हर्टस २०२२ मध्ये आली. दोहोंचा व्हीलबेस २६५१ मिलिमीटर. चाकणची गाडी मेक्सिकोलाही निर्यात होते. ती आणि तिची बहीण शोभणारी स्कोडा ‘स्लाव्हिया’ यांना २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. चेन्नईजवळ बनणाऱ्या ह्युंदाई ‘वर्ना’लाही त्याच वर्षी पाच तारे मिळाले, मात्र तिचा सांगाडा ‘अस्थिर’ असल्याची नोंद त्याच अहवालात आहे. जाहिरातीत तारे येतात, ही नोंद येत नाही. होंडा ‘सिटी’ला २०२० मध्ये ‘आसियान एनकॅप’ने दिलेले पाच तारे थायलंडमधील गाडीचे आहेत. भारतातील सिटी राजस्थानातील टपुकडा येथे बनते. एका बाजारपेठेतील गुण दुसरीकडील गाडीला आपोआप लागू होत नाहीत. देशातील ‘भारत एनकॅप’ योजना ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, पण तीही ऐच्छिक आहे.

दैनंदिन वापरात निवड अधिक सोपी होते. २०२३ च्या वर्नाची डिकी ५२८ लिटरची, व्हर्टस व स्लाव्हियाची ५२१, तर पेट्रोलवरील सिटीची ५०६. सिटीच्या हायब्रिड व्हेरियंटमध्ये बॅटरीमुळे ती ३०६ लिटरवर येते. गणपतीला कोकणात जाणाऱ्या पाच जणांच्या कुटुंबाला हा फरक नेमका निघण्याच्या दिवशी कळतो. पावसाळ्यातील खड्ड्यांसाठी व्हर्टस-स्लाव्हियाची १७९ मिलिमीटर उंची जमेची बाजू आहे.

पैशांचे गणित २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले. चार मीटरहून लांब असलेल्या या गाड्यांवरील एकूण कर ४५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला, तर चार मीटरच्या आतील छोट्या पेट्रोल सेडानवर तो १८ टक्के झाला. यामुळे दोन्हींतील अंतर वाढले आहे. मारुतीच्या छोट्या ‘डिझायर’नेही नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळविल्याने ‘मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी’ हा हिशेबही आता तितकासा सरळ राहिलेला नाही.

जुनी सेडान घेणाऱ्याने आरसीवरील निर्मितीचा महिना व वर्ष आधी वाचावे. चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या स्वस्त व्हेरियंटमध्ये ती असेलच असे नाही. खाडीलगतच्या दमट हवेत राहिलेल्या गाडीचे दारांखालचे पत्रे आणि डिकीतील गालिच्याखालची जागा गंजासाठी पाहावी. नव्या गाडीच्या बाबतीत नोंदणीच्या कागदावर व्हेरियंटचे पूर्ण नाव लिहून घ्यावे. चाचणी-फेरीला एकट्याने न जाता घरातील पाचही माणसांना बसवून वसाहतीतील एखाद्या उंच गतिरोधकावरून गाडी न्यावी. खालून घासल्याचा आवाज आला, तर तो तेथेच ऐकू येतो.