कढीपत्त्याचं ठरलेलं गिऱ्हाईक

शीव कोळीवाड्यात खिडकीच्या ग्रिलमध्ये लावलेल्या कढीपत्त्यावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं, तर लगेच पुसायला जाऊ नका. ती बहुतेक लाइम बटरफ्लायची नाहीतर कॉमन मॉर्मनची अळी असते. शेजारच्या कुंडीतल्या तुळशीला ती तोंड लावणार नाही. वेळ आली तर उपाशी मरेल.

हे नखरे आईपासूनचे. मादी पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी त्यावर भराभर थापट्या मारते. चव घेण्याचे केस तिच्या पायांवर असतात! रस ओळखीचा निघाला तरच अंडं घालते. लिंबू, बेल, कढीपत्ता आपल्याला तीन वेगळी झाडं वाटतात; तिच्या पायांना त्यांचं एकच कूळ कळतं. याच गोतातल्या एका फुलपाखराच्या पायात, लिंबूवर्गीय पानांतलं सिनेफ्रिन ओळखणारं प्रथिन २०११ साली जपानी संशोधकांनी शोधून काढलं.

खरं तर असली उग्र रसायनं झाडाच्या बचावाची. बहुतेक किडे ती टाळतात. पण ज्यांनी ती पचवली, त्यांना तोच वास जेवणाचं आमंत्रण ठरतो. फेरशाफेल्ट या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० मध्येच हे दाखवलं होतं: कोबीवरच्या अळ्या एरवी नाकारतात अशा पानांना मोहरीतलं तिखट द्रव्य फासलं, की त्या खुशाल खायला लागतात.

सगळ्यात धाडसी गिऱ्हाईक मात्र रुईचं. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात, तीच रुई. तिच्या चिकात हृदयावर घाव घालणारं विष असतं, शिवाय चीक वाळला की अळीचं तोंडच चिकटतं. प्लेन टायगरची अळी आधी पानावर गोल चर कुरतडते, चीक गळून जाऊ देते आणि मग मधला भाग निवांत खाते. त्यातलं विष ती अंगात साठवूही शकते. फुलपाखरू झाल्यावर पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत.

या दबदब्याचा फायदा भलतीच घेते. डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी नारिंगी दिसते, पण अंगात ते विष नाही. तिची अळी वाढते घोळीवर; तीच घोळ, जिची आपण डाळ घालून पातळ भाजी करतो.