कचरा जाळला म्हणजे गेला का?

सकाळी अंगण झाडायचे, कचरा कोपऱ्यात लोटायचा आणि काडी लावायची, ही आपल्याकडील जुनी रीत. त्या ढिगात पूर्वी पालापाचोळा, पऱ्हाटीचे तुकडे, फार तर कागद असे. धूर तेव्हाही छातीला बाधत असे; पण आजचा धूर निराळा आहे.

पूर्वी बराचसा कचरा जाळलाच जात नसे. शेण, राख, भाजीची देठे उकिरड्यावर जात आणि खत होऊन शेतात पोचत. या बाबतीत आपला जिल्हा पुढे होता. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागदाला चालना दिली. १९३६ मध्ये गांधीजी सेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. मैलाही वाया न घालवता त्याचे सोनखत करावे, असा त्यांचा आग्रह असे.

पुढे घरात प्लॅस्टिक आले. कचरा बदलला, काडी लावण्याची सवय मात्र तीच राहिली. पीव्हीसीसारख्या प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन असते. ते मंद आगीत जळाले की डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्ये तयार होतात. ती गवतावर बसतात, जनावरांच्या पोटात जातात आणि दुधावाटे आपल्यापर्यंत येतात. शरीरातील चरबीत ती वर्षानुवर्षे साठून राहतात व कर्करोगाचा धोका वाढवतात. दमेकरी, लहान मुले व गरोदर स्त्रियांना धुराचा त्रास अधिक होतो.

मग दवाखान्याचा कचरा भट्टीत का जाळतात? त्या भट्टीच्या दुसऱ्या कप्प्यात सुमारे १०५० अंश सेल्सिअस उष्णता राखावी लागते. तरीही क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक तिच्यात जाळू नये, असे १९९८ च्या नियमांनीच बजावले. अंगणातल्या ढिगाला एवढी आच कुठून मिळणार?

२०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी ५,००० रुपये दंड ठरवला. पण दंडाच्या भीतीपेक्षा घरातल्या लेकरांची काळजी मोठी.

उपाय सोपे आहेत. भाजीपाला, शिळे अन्न व पालापाचोळा खड्ड्यात टाकून वर मातीचा थर द्यावा. काही महिन्यांत खत होते. कागद, पत्रा, बाटल्या भंगारवाल्याला द्याव्यात. प्लॅस्टिक कोरडे ठेवून घंटागाडीत वेगळे द्यावे. बॅटरीचे सेल, सुया व मुदत संपलेली औषधे यांत मिसळू नयेत. ती निराळी बांधून द्यावीत. आणि चुलीत पेट घ्यायला प्लॅस्टिकची पिशवी कधीही घालू नये. तो धूर सर्वात आधी चुलीपाशी बसलेल्या बाईच्या छातीत जातो.